कंपनी विचारू नका, दात कोरडा कसा ठेवणार ते विचारा

सुरतेत उधन्यापासून लिंबायतपर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं की माल कुठला वापरतात ते सगळं कळतं. कुणाकडे 'इम्पोर्टेड फिलिंग', कुणाकडे 'दातांच्या रंगाचं लाइटवालं फिलिंग', कुणी जर्मन म्हणतो, कुणी जपानी. खाली दर. त्याखाली सणासुदीची सूट. त्या मालाच्या आधी दाताचं काय करणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पांढरं फिलिंग दोन महिने टिकणार की दहा वर्षं, हे बहुतेक वेळा त्या 'आधी'वर ठरतं. बाटलीवरच्या नावाचा वाटा त्यात फार थोडा.

मी मूळची अमळनेरची. सुरतेत दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं की दिवसभर गुजराती बोलावं लागेल. प्रत्यक्षात निम्मा दिवस अहिराणीत जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरली आणि इथल्याच लूमवर, मिलमध्ये, कपडा मार्केटमध्ये रुजली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाण्याआधी आणि लग्नसराईत माझ्याकडे गर्दी होते. त्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅडम, सिमिट पडी गय." पुष्कळ जण पडलेला तुकडा कागदाच्या पुडीत जपून आणतात. मला तो तुकडा हवाच असतो. त्याची आतली बाजू गुळगुळीत असेल आणि खड्ड्याचा साचा जसाच्या तसा उठलेला असेल, तर ते फिलिंग दाताला कधी धरलंच नव्हतं, नुसतं जागेवर बसलं होतं. अर्धा तुकडा पुडीत आणि अर्धा अजून दातात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पकड होती, माल तुटला. गुळगुळीत पाठीचे तुकडे मला जास्त बघायला मिळतात.

पांढरं फिलिंग, म्हणजे कंपोझिट, हे काचेची बारीक भुकटी आणि रेझिन यांचं मिश्रण. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या राफाएल बोवेन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठीचं रेझिन तयार केलं. आजही बहुतेक कंपोझिटच्या मुळाशी तेच किंवा त्याची भावंडं आहेत. या रेझिनची अडचण अशी की ते आपण होऊन दाताला चिकटत नाही. चांदीचं फिलिंगही चिकटत नव्हतं, पण त्यासाठी खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरायचा, म्हणजे चांदी आकारानेच अडकून बसे. थोडी थुंकी लागली तरी ती बरंच सोसायची. कंपोझिटला त्या कोरीव अडकणीची गरज नाही, त्यामुळे निरोगी दात कमी कापावा लागतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्या बदल्यात ते पूर्णपणे पृष्ठभागाच्या भरवशावर असतं.

हे मी रोग्यांना समजावून सांगायचे, तेव्हा माना डोलायच्या, पटायचं नाही. पांडेसऱ्याच्या एका मिलमधले डाइंग मास्टर खुर्चीत बसले होते, त्यांना मात्र अर्ध्या वाक्यात कळलं. ते म्हणाले, "म्हणजे आमचं ग्रे कापडच की." लूमवरून आलेल्या कोऱ्या पॉलिएस्टरवर तेल असतं, खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय रंगाला घातलं तर डाग पडतात, रंग सारखा बसत नाही. त्यापुढे मिलमध्ये 'वेट रिडक्शन' करतात. गरम कॉस्टिकमध्ये कापड फिरवून धाग्याचा वरचा थर मुद्दाम खाऊ द्यायचा. कापडाचं वजन घटतं, धाग्याच्या अंगावर बारीक खळगे पडतात आणि कापड रेशमासारखं पडतं. किती वेळ, किती गरम, किती तीव्र, यात चूक झाली की कापड फाटतं. त्यांनी मला उलट विचारलं, "तुम्ही दाताला काय लावता?" फॉस्फोरिक आम्ल, असं सांगितल्यावर त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की किती टक्के आणि किती सेकंद. रोगी हे विचारत नाहीत. बरेच डॉक्टरही घड्याळाकडे बघत नाहीत.

ही कल्पनाही मुळात कारखान्यातूनच आली. धातूच्या पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून त्याला आधी फॉस्फोरिक आम्ल लावण्याची पद्धत उद्योगात होती. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन दंत संस्थेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी ती दाताच्या वरच्या कडक थरावर, एनॅमलवर, करून पाहिली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ८५ टक्क्यांचं आम्ल अर्धा मिनिट ठेवलं होतं. आज आपण साधारण ३७ टक्क्यांचं, निळ्या जेलच्या रूपातलं आम्ल वापरतो. एनॅमल वजनाने ९६ टक्के खनिज. आम्ल लागलं की त्यातले स्फटिक कमी-जास्त विरघळतात आणि काही मायक्रॉन खोलीची सूक्ष्म छिद्रं पडतात. पातळ रेझिन त्यात उतरतं आणि दिव्याखाली घट्ट होतं. १५ ते ३० सेकंद आम्ल, मग भरपूर पाणी, मग वारा. नीट झालं असेल तर दाताची चमक जाऊन तो खडूसारखा पांढरट दिसतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारी एवढी सोपी परीक्षा दंतवैद्यकात फार कमी ठिकाणी मिळते.

एनॅमलपुरतंच काम असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. कीड बहुतेकदा आतल्या डेंटिनपर्यंत पोचलेली असते आणि डेंटिन हे निराळंच प्रकरण आहे. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजनचे तंतू आणि पाणी. त्यातून बारीक नळ्या थेट दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत जातात. बाहेरच्या बाजूला चौरस मिलिमीटरला साधारण २० हजार, गाभ्याजवळ ४५ हजारांच्याही पुढे. त्या नळ्यांत द्रव असतो. म्हणजे खड्डा जितका खोल तितकी जागा ओली, आणि ज्याला सगळ्यात मजबूत पकड हवी त्या मोठ्या फिलिंगलाच सगळ्यात वाईट जमीन मिळते.

डेंटिनला आम्ल लावू नये, असं पश्चिमेकडे कित्येक वर्षं मानलं जाई. जपानमध्ये ताकाओ फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेंटिनवरही आम्ल वापरून दाखवलं. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन आणि कोलॅजन एकमेकांत गुंतून तयार होणारा थर दाखवला. त्यालाच आज हायब्रिड लेयर म्हणतात. आम्लाने खनिज निघून गेलं की कोलॅजनचं जाळं उघडं पडतं. पाण्याने ते फुलून उभं असतं, तेव्हाच रेझिन त्यात शिरू शकतं. इथे वाऱ्याची नळी जरा जास्त वेळ धरली की जाळं आडवं पडतं आणि त्याची कातडीसारखी साय होते. रेझिन मग वरच राहतं. रोगी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, चावलं की कळ येते. उलट पाणी साचलेलं ठेवलं तर रेझिन पातळ होऊन अर्धवट घट्ट होतं. म्हणजे एकाच खड्ड्यात, दोन मिलिमीटरच्या अंतरावर, एनॅमल कोरडा हवा आणि डेंटिन ओलसर. डेंटिनवर आम्ल १५ सेकंदांच्या वर ठेवायचं नाही, कारण जितकं खोल खाल्लं जाईल तितकं खोल रेझिन पोचेलच असं नाही, आणि उघडं राहिलेलं कोलॅजन पुढे दातातलीच विकरं हळूहळू कुरतडतात.

यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे वेगळं आम्ल न लागणारे बॉन्ड, म्हणजे दात आणि फिलिंग यांना जोडणारे द्रव. विक्रेते त्यांना 'सातव्या पिढीचं', 'आठव्या पिढीचं' म्हणतात, जणू मोबाइलच. हे बॉन्ड वाईट नाहीत. माझ्या हातून होणाऱ्या बहुतेक कामात मी फक्त एनॅमलच्या कडेला आम्ल लावते आणि डेंटिन या नव्या बॉन्डवर सोपवते. पण 'एका बाटलीत सगळं' याचा अर्थ 'एका मिनिटात सगळं' असा काढला जातो, तिथे माझं भांडण आहे. त्या बाटलीतला द्रवही वीसेक सेकंद घासून लावावा लागतो. त्यातलं अल्कोहोल किंवा अॅसिटोन हलक्या वाऱ्याने उडवावं लागतं, आणि मगच दिवा. बाटलीचं झाकण दिवसभर उघडं राहिलं तर तो द्रावक आधीच उडालेला असतो.

दात कोरायच्या ड्रिलच्या टोकाचाही इथे संबंध येतो. सुरतेत हे सांगायला मला फार आवडतं. वराछ्याचे एक रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारे कारागीर, ते टोक, म्हणजे बर, हातात घेऊन विचारत होते, "यात खरा हिरा आहे?" आहे. नैसर्गिक किंवा कृत्रिम हिऱ्याचे कण निकेलने दांड्यावर बसवलेले असतात. जाड कणांच्या बरने काम पटकन होतं, पण मागे दाताच्या भुश्याचा जाड लेप राहतो. एक-दोन मायक्रॉनचाच, पण सौम्य बॉन्ड त्याच लेपात अडकून बसतो, खालच्या दातापर्यंत पोचत नाही. म्हणून शेवटचा हात बारीक कणांच्या बरने फिरवायचा. जाड घाट आणि बारीक घाट यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्यांनी फक्त मान हलवली.

या पृष्ठभागाचे शत्रू बरेच आहेत. थुंकी आहेच. हिरडीतून येणारं रक्त त्याहून वाईट. दुखतं म्हणून घरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून येतात, किंवा आधीच्या दवाखान्यात लवंगतेलाचं तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं. त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे ते पूर्ण खरवडून काढावं लागतं. आणि एक शत्रू दवाखान्याचाच: कॉम्प्रेसर. जुलै-ऑगस्टमध्ये सुरतेची हवा इतकी दमट असते की कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज सोडलं नाही, फिल्टर बदलला नाही, तर 'कोरडा वारा' म्हणून आपण दातावर पाणी आणि तेलाचे तुषार मारत असतो. सकाळी आरशावर वारा मारून बघायला काहीच लागत नाही. जगातला सगळ्यात महाग बॉन्ड त्या तेलावर लावला तर तो तेलालाच चिकटेल.

थुंकीवर उपाय १८६४ पासून आहे. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावायची युक्ती काढली. पडद्याला भोक, भोकातून दात बाहेर, बाकी तोंड पलीकडे. या पडद्याचा, म्हणजे रबर डॅमचा, एक तुकडा फार महाग नसतो. तरी किती दवाखान्यांत तो रोज निघतो? डॉक्टर म्हणतात रोग्याला आवडत नाही, आणि हे अगदीच खोटं नाही. ज्यांच्या तोंडात दिवसभर मावा असतो, त्यांचं तोंड पुरतं उघडतही नाही. तिथे डॅम बसवणं कठीण जातं. वरच्या पुढच्या दाताला कापसाची गुंडाळी, चांगलं सक्शन आणि लक्ष देणारी मदतनीस एवढ्यानेही भागतं, हे मी मान्य करते. पण खालच्या अक्कलदाढेच्या शेजारची दाढ, एकटा डॉक्टर, एका हातात सक्शन आणि एका हातात बॉन्डचा ब्रश? तिथे जीभ एकदा हलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून धुवावं लागतं. ते कितीदा पुन्हा केलं जातं, हा प्रश्न मी आमच्या व्यवसायालाच विचारते आहे.

माझ्याकडच्या सगळ्यात अवघड पृष्ठभागाचा पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उल्लेख असतो. लिंबायतच्या माझ्या मावश्या तो रोज घेऊन येतात. मिश्री. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, सकाळ-संध्याकाळ बोटाने आडवी घासायची. वर्षानुवर्षं घासून हिरडीलगत दाताला पाचरीच्या आकाराची खाच पडते. त्या खाचेला कीड नसते. तिचा तळ पिवळट, काचेसारखा चकचकीत. शरीराने स्वतःला वाचवायला तिथल्या नळ्या खनिजाने बुजवून टाकलेल्या असतात. बाईंना वाटतं, थंड पाणी लागत नाही म्हणजे बरंच आहे. मला मात्र तिथे पकडच मिळत नाही. आम्ल लावलं तरी तो तळ हट्टी राहतो, रेझिनला शिरायला नळ्या उघडत नाहीत. शेजारी हिरडी, तिच्यातून सतत ओल. आत अडकून बसायला आकारही नाही. नव्या बॉन्डची खरी परीक्षा घ्यायची असली की संशोधक अशाच खाचा निवडतात, कारण तिथे फिलिंग टिकलं तर ते केवळ चिकटल्यामुळेच.

अशा खाचेवर काम करताना मी वरचा चकचकीत थर बारीक बरने हलकासा खरवडते, वरच्या एनॅमलच्या कडेला उतार देते, हिरडीत दोरी घालून तिला मागे सारते आणि मग बाकीचं. या कामाला खाच भरण्यापेक्षा चौपट वेळ लागतो. मिश्री चालूच राहणार असेल, तर त्या फिलिंगची हमी मी देत नाही, तसं तोंडावर सांगते. मावशी हसतात. "आते या वयात काय सोडू," म्हणतात. फिलिंगवर मी फार भांडत नाही, पण तंबाखूवर भांडते, कारण हिरडीच्या शेजारी गाल आहे आणि गालाचं दुखणं फिलिंगसारखं परत भरता येत नाही. घरी बसून साड्यांची धागाकटिंग करणाऱ्या मुलींचं आणखी निराळं. दोरा समोरच्या दातांनीच तोडतात, कडेला खळगा पडतो. तिथला पांढरा तुकडा कितीही नीट चिकटवला तरी कात्री हातात आल्याशिवाय टिकत नाही.

गुजरातेत आणखी एक दात भेटतो, फ्लोराइडचा. बनासकांठा, पाटण, मेहसाण्याकडची माणसं हिऱ्याच्या धंद्यात इथे पुष्कळ आहेत. विहिरींच्या पाण्याने त्यांच्या दातांवर तपकिरी डाग असतात. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत दिसतात तसेच. त्या एनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. नेहमीच्या सेकंदांत तो खडूसारखा होतच नाही, जास्त वेळ द्यावा लागतो. रोगी कुठल्या गावचा, एवढं विचारलं तरी हे कळतं.

आता वेळेकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. लूमवर बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. हिऱ्यावर मजुरी नगावर. खुर्चीतला प्रत्येक अर्धा तास हा त्या माणसाच्या खिशातून जातो. "कितला येळ लागी?" हा प्रश्न "कितला पैसा?" याच्या आधी येतो. डॉक्टरही नगावरच असतो. भाडं, कॉम्प्रेसरचं बिल, मदतनिसाचा पगार, आणि शेजारच्या पाटीवर कमी दर. दोघांनाही घाई असते, म्हणून घाईवर कुणीच तक्रार करत नाही. मग त्या अर्ध्या तासातून कापायचं काय? कीड काढणं कापता येत नाही, दिसतं. वरचा आकार आणि चमक कापता येत नाही, रोगी आरशात बघतो. दिवा तर निळा लखलखतो, तोच 'कॉम्प्युटरवाला इलाज' वाटतो. कापता येतात ते मधले न दिसणारे सेकंद: आम्लाचे, धुण्याचे, बॉन्ड घासण्याचे. दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे सोडून एकदम भरण्याचेही. रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि एकदम भरलेला मोठा गोळा आकसताना आधीच कमकुवत असलेली पकड ओढून तोडतो.

म्हणून मला वाटतं, आम्ही दर मालाचे लावणं सोडून वेळेचे लावावेत. एका दाढेला किती मिनिटांची खुर्ची, डॅमसह की डॅमशिवाय, हे पाटीवर लिहावं. त्याने काही रोगी जातील. ते आजही पुडी घेऊन परत येतातच, आणि दुसऱ्यांदा फुकट भरून देण्यात डॉक्टरचे पैसे जातात ते वेगळे.

हे तातडीचं होण्याचं कारण चांदी. त्या फिलिंगमधल्या पाऱ्यामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदीच्या फिलिंगवर बंदी घातली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारतानेही २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कराराच्या देशांनी २०३४ पर्यंत दातांतला पारा थांबवायचं ठरवलं. पारा जाणार याचं मला दुःख नाही. पण चांदी अर्ध्या ओल्या तोंडातही बरीच निभावून न्यायची, घाईतल्या डॉक्टरला सांभाळून घ्यायची. तिच्या जागी येणारा माल अजिबात सांभाळून घेत नाही. साहित्य बदललं, पण आमच्या हातांची सवय चांदीचीच राहिली, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

मधला एक मार्ग आहे, आणि त्याला उगाच 'स्वस्तातलं सिमेंट' म्हणून हिणवलं जातं. ग्लास आयोनोमर. लंडनमध्ये अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी तो १९७० च्या आसपास तयार केला. तो दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक जोड करतो, थोडी ओल सोसतो, वर फ्लोराइड सोडतो. दिसायला तो कंपोझिटइतका देखणा नाही, चावायच्या जागी लवकर झिजतो. त्यालाही दात स्वच्छ करून सौम्य आम्लाने पुसून घ्यावाच लागतो. पण मिश्रीच्या खाचेत, रडणाऱ्या लहान मुलाच्या दाढेत, किंवा जिथे थुंकी आवरतच नाही तिथे नीट भरलेला ग्लास आयोनोमर हा घाईत भरलेल्या इम्पोर्टेड कंपोझिटपेक्षा मला कधीही चांगला वाटतो. रोग्याला तसं स्पष्ट सांगितलं की तो नाराज होत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याला पांढरं हवं असतं हे आम्हीच गृहीत धरतो. बहुतेकांना फक्त परत यायचं नसतं.

रोग्यांनी विचारायचे प्रश्नही थोडेच. दात कोरडा कसा ठेवणार? मदतीला कुणी असेल का? एकदम भरणार की थर देणार? मी तोंडात लवंगतेल ठेवलं होतं, चालेल का? ज्या डॉक्टरला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडे घाई आहे असं समजायला हरकत नाही. शाळांमधून, सोसायट्यांमधून, गणपती मंडळांमधून दातांची शिबिरं होतात. त्यांच्या संयोजकांनाही एक सांगायचं आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सक्शनशिवाय, रांगेतल्या मुलांच्या दाढा कंपोझिटने भरून देऊ नका, भले ते कुणी फुकट देत असलं तरी. तिथे तपासणी करा, फार तर ग्लास आयोनोमर भरा. मुलाच्या कार्डावर कुठली दाढ, काय भरलं आणि कधी, हे नीट लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला त्या दाढेतलं काय खरवडायचं ते कळेल.